मारोतराव रामेश्वरात

आमच्या पालम गावची मराठी न कळणारा माणूस जगात जन्मालाच आलेला नाही, असं आमच्या शेजारच्या मारोतरावांचं ठाम मत आहे. स्वेटर विकायला आलेला नेपाळी असो की बोअर पाडायच्या गाडीवरचे तमिळ कामगार, ते सगळ्यांशी पालमच्याच भाषेत बोलतात आणि वर आम्हाला सांगतात, "माणूसच हाय न्हवं? मग कळतंयच." एकदा तर मोबाइलवर आधीच भरून ठेवलेल्या आवाजातल्या बाईंना ते समजावत होते, "बाई, तुमी जरा दम धरा, आधी माझं ऐका." बाई काही थांबेनात. "लय बोलघेवडी हाय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यात त्यांचा आवाज. जन्मभर पिठाची गिरणी चालवली. पट्ट्याच्या धडधडीत गिऱ्हाइकाशी बोलायचं तर ओरडावंच लागणार. पुढं गिरणी बंद झाली, आवाज मात्र चालूच राहिला. सकाळी त्यांनी अंगणातून राम राम घातला की आमच्या घरातली मांजर पलंगाखाली जाते.

यंदा आईला रामेश्वर करायचं होतं. काशी झालेली होती आणि तिथून आणलेली गंगेची लोटी देवघरात ठेवलेली होती. ते पाणी रामेश्वराच्या पिंडीवर गेल्याशिवाय काशी पुरी होत नाही, असं आमच्याकडं मानतात. मारोतरावांना कळालं तसे ते आले. "मी बी येतो. तिकडं तुमाला बोलायला माणूस पाहिजे."

रेल्वेत समोर एक तमिळ कुटुंब होतं. मारोतरावांनी त्यांना ज्वारीच्या पेऱ्यापासून गोदावरीच्या पुरापर्यंत सगळं सांगितलं. त्या भल्या माणसांनी शेवटी डबा उघडून लिंबाचा भात पुढं केला. "बघा, भूक लागली म्हणलो, कळालं." भुकेचं ते एक अक्षरही बोलले नव्हते. रामेश्वरला धर्मशाळेत त्यांनी आंघोळीला गरम पाणी मागितलं. तिथल्या माणसानं कॉफी आणून दिली. मारोतरावांनी ती शांतपणे पिऊन टाकली आणि पेला परत देत म्हणाले, "हेच तर मागायलो होतो."

समुद्रात स्नान करून ओल्या कपड्यांनी देवळातल्या विहिरींवर जायचं असतं. काठावरचा माणूस बादलीनं पाणी काढून अंगावर ओततो. "दमानं ओत बाबा, बाई म्हातारी हाय," असं मारोतरावांनी आईसाठी त्याला बजावलं. त्या आवाजानं तो इतका दचकला की अख्खी बादली त्यांच्याच डोक्यावर रिकामी झाली. मारोतराव धोतराचा सोगा पिळत मला म्हणाले, "आधी मला घातलं. वयाचा मान ठेवायलाय."

गडबड झाली ती गाभाऱ्यापाशी. तिथल्या पुजाऱ्यांची घराणी मूळची महाराष्ट्रातली. गुरुजींनी "कुठून आलात आपण?" असं स्वच्छ मराठीत विचारलं आणि मारोतराव एकदम सावध झाले. मला खांबाआड ओढून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्याच्यापासून जपून. इतक्या लांब मराठी बोलायलाय, कायतरी मतलब असंल." गुरुजी हसले. त्यांनी आईच्या हातातून लोटी घेतली. गंगेचं पाणी पिंडीवर पडताना आईच्या डोळ्यांना धार लागली.

त्या संध्याकाळी जेवणाची वेळ झाली तरी मारोतराव धर्मशाळेत नव्हते. आई आणि मी त्यांना शोधायला निघालो. एरवी त्यांना शोधणं सोपं, आवाजाच्या दिशेनं चालत गेलं की झालं. पण आज आवाज कुठंच नव्हता.

ते समुद्रकाठी वाळूत बसलेले दिसले. शेजारी पांढऱ्या लुंगीतला एक म्हातारा होता, डोक्याचा नुकताच गोटा केलेला. सकाळी काठावर कुणाची तरी क्रिया चालली होती, तिथं त्याला पाहिलं होतं. तो समुद्राकडं बघत अगदी खालच्या आवाजात तमिळमध्ये बोलत होता आणि मारोतराव गप्प बसून मान हलवत होते. थोड्या वेळानं त्याची मुलगी बोलवायला आली. म्हाताऱ्यानं उठता उठता मारोतरावांचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले आणि तो गेला.

आई पाय ओढत मागून येत होती. मी पुढं जाऊन त्यांच्याजवळ बसलो. "काका, काय सांगत होते ते?"

ते समुद्राकडंच बघत होते. मी मोठ्यानं पुन्हा विचारलं.

"कुणास ठाऊक. ऐकूच आलं न्हाई," ते म्हणाले. "बारीक आवाज मला येतच न्हाई आता. गिरणीनं कान खाल्ले."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि मी समजत होतो की हा माणूस कुणाचं ऐकून घेत नाही.

"हिचंबी असंच झालं," ते म्हणाले. 'ही' म्हणजे गयाबाई, त्यांची बायको. ती गेली तेव्हाच गिरणी बंद झाली होती. "नांदेडच्या दवाखान्यात माझा हात धरला आन् कायतरी म्हणली. दोनदा म्हणली. मी आपलं हाव, हाव म्हणत बसलो. सकाळी गेली. काय म्हणली, आता कुणाला इचारू?"

तोवर आई येऊन पोचली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दुखरे गुडघे सांभाळत ती त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन असं मोठ्यानं बोलली की शेंगदाणेवाला वळून बघायला लागला.

"मला इचारा. जलमभर शेजारी होते मी गयाच्या. वेळेवर जेवत जा, असं म्हणली असंल. दुसरं काय म्हणती ती?"

मारोतराव आईकडं वळले. मग हळूच म्हणाले, "पण दोनदा म्हणली."

"मग एकदा सांगून तुमी कधी ऐकलं होतं का तिचं?"

"न्हाई," मारोतराव म्हणाले. त्यांनी सोग्यानं डोळे पुसले, उठले, आईला हात देऊन उठवलं आणि पंगत उठायच्या आत पोचलं पाहिजे म्हणून आमच्या पुढं चालायला लागले.