पानांआडचं गिऱ्हाईक

गोंदियाच्या स्टेशनाबाहेर आमच्या गणपतकाकांचं चहाचं हॉटेल होतं, आणि त्या हॉटेलात रोज दुपारी एक मेलेला माणूस चहा प्यायला येत असे.

हसू नका. मीसुद्धा हसलो होतो. मग एका दुपारी माझ्या कानांनी तो आवाज ऐकला, आणि हातातली बशी तशीच धरून मी किती वेळ उभा होतो ते मला आजही सांगता येणार नाही.

दुपारची गाडी निघून गेली, बाकं रिकामी झाली, की काका स्वतःच्या हाताने एक कप करायचे. पाण्याचा थेंब नाही, नुसतं दूध, आलं ठेचून. कप घेऊन ते हॉटेलाच्या मागच्या कोपऱ्याकडे निघायचे. चालसुद्धा बदलायची, देवळात नैवेद्य नेतात तशी. कोपऱ्यातली पानं दोन बोटांनी बाजूला सारायची, कप आत ठेवायचा आणि गाडीवानाने हाक मारावी तसं ओरडायचं, "सोनबाजी, चहा ठेवला!" मग कोपऱ्याकडे पाठ करून गल्ल्यावर बसायचं.

जरा वेळाने पानं हलायची. वारा नसताना. आणि आतून आवाज यायचा: सुर्रर्र...

काका उठून कप बाहेर काढायचे. रिकामा. तळाला आल्याचा चोथा, आणि कपाचा कान अजून कोमट.

"हा सोनबाजी कोण?" असं विचारलं की काका आवाज उतरवायचे. "होता एक. अर्धा कप पेला, अन् उठून गेला. पुन्हा बसलाच नाही. अर्धा कप सोडून उठलेला जीव शांत होत नाही, बाप्पा." यापुढे एक अक्षर नाही. कुठला, काय करायचा, कसा मेला, काही नाही. लोकांनी मग आपापल्या परीने त्याला मारलं. कोणी रुळांवर मारला, कोणी साप चावून. एका हमालाने तर त्याला पाहिलाही होता. पांढरं धोतर होतं म्हणे, आणि धोतरात पाय नव्हते.

आता तो कोपरा. कोपरा कसला, जंगलच ते. रॉकेलचे डबे अर्धे कापून त्यांत काकांनी क्रोटन लावले होते, अळू लावलं होतं, कचारगडच्या जत्रेहून येताना ओल्या फडक्यात बांधून आणलेले नेचे लावले होते. वेल सुतळीवरून थेट कौलांपर्यंत चढवले होते. झाडांना ते "मंडळी" म्हणत. चहाचा चोथा धुऊन, त्यातली साखर काढून मंडळींना घालत, नाहीतर मुंग्या होतात. चुलीच्या धुराने पानं काळवंडत म्हणून एकेक पान ओल्या फडक्याने पुसत, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. आणि रोज सकाळी डबे फिरवत. उजेडासाठी नव्हे बरं का. दोन डब्यांमधून पलीकडची बोटभर भिंत जरी दिसली तरी हा माणूस अस्वस्थ व्हायचा. "मंडळी दाट पाहिजे. त्याले कोणी पाह्यलेलं चालत नाही."

सीताकाकू या सगळ्याला नाक मुरडत. त्या आत चुलीपाशी, धुरात, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. भजी, आलूबोंडा, दूध, सगळं त्यांच्या हातचं. फक्त एक गोष्ट विलक्षण होती. चहाच्या हॉटेलाची मालकीण चहाला शिवत नव्हती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत, एका भर दुपारी, त्या हॉटेलात बसून चहा पीत होत्या. काका गिऱ्हाइकांदेखत बोलून गेले, "गिऱ्हाइकाच्या आधी मालकीण पेऊन राहिली, हे कोणतं हॉटेल?" काकूंनी कप खाली ठेवला. चुलीवर हात धरून शपथ घेतली, "तुमच्या हॉटेलचा चहा या जन्मात कोणी मले पेताना पाहणार नाही." आणि खरंच, कोणी पाहिलं नाही. काका चुकलो म्हणणाऱ्यांतले नव्हते, काकू शपथ मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मी तेव्हा मुर्रीच्या शाळेत मास्तर होतो. श्रावणातल्या एका दिवशी पाऊस असा लागला की शाळेत पोरांऐवजी पाणी येऊन बसलं. शाळा सुटली, मी हॉटेलात आलो. कामाचा गडी नाल्यापलीकडे अडकलेला, तेव्हा काकांनी माझ्या खांद्यावर फडकं टाकलं. "मास्तर, कप धुवा."

दुपार होती, पण कंदील लावावा लागला होता. कौलांवर पावसाचा एकसुरी आवाज, बाहेर रस्ता नाही, स्टेशन नाही, नुसता पांढरा पडदा. कंदिलाच्या उजेडात मंडळींच्या सावल्या भिंतीवर माणसांएवढ्या झाल्या होत्या. अळूच्या पानावर गळक्या कौलातून थेंब पडे, आणि पान कोणीतरी मान डोलवावी तसं डोले. पाच-सात अडकलेली गिऱ्हाइकं होती, सगळी पुढच्या बाकांवर दाटीवाटीने. मागचं बाक मोकळंच.

तेवढ्यात दारात दोन घोंगड्या उभ्या राहिल्या. एका घोंगडीखालून काकूंचा भाऊ दौलत निघाला. चिचगडहून आला होता. दुसरीतून निघाला एक म्हातारा भगत, हातात मोरपिसांचा कुंचा, नाकातून सर्दी वाहत असलेला.

"भाऊजी," दौलत म्हणाला, "माही बहीण भुताच्या हॉटेलात राबून राहिली, असं अख्खं गाव म्हणते. आज त्याले काढतो. झाडंबी तोडतो."

काका ताडकन उठले. "कायले काढतो? कोणाले त्रास हाय त्याचा? माहं गिऱ्हाईक हाय ते!"

"भूत गिऱ्हाईक राहते का जी?"

"बाकीच्यांपेक्षा बरं हाय. कटकट करत नाही."

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांचा चेहरा मी पाहिला. पिठाच्या हातांनी त्यांनी चौकट धरली होती. "राहू दे न रे दौलत," त्या म्हणाल्या. "पावसात कायले आला तू?"

"बाई, तू भोळी हायस."

भगताने दोनदा शिंकून घेतलं, प्लेटभर भजी खाल्ली आणि न्याय सांगितला. कप नेहमीसारखा ठेवा. मी मंत्र म्हणतो. कप भरलेला राहिला, तर भूत गेलं. कोपरा मोकळा करा, झाडं बाहेर टाका. कप रिकामा झाला, तर ते माझ्या आवाक्यातलं नाही. "पण घरची दोघं माह्यासमोर पाहिजेत. नवरा इकडं, बायको इकडं. नजरेच्या बाहेर कोणी जायचं नाही."

काकू समोरच्या बाकावर येऊन बसल्या. मान खाली. काकांनी चहा केला. कप पानांआड ठेवला. हाक मारली, पण ती पुढच्या बाकापर्यंतही पोहोचली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, आत चुलीवरचं दूध पाहा. अन् मंडळींच्या मागच्या अंगाची पानं पुसायची राहिली हायेत. तेवढी पुसून घ्या."

मंत्र सुरू झाला. मी आत गेलो. चुलीवर दूध नव्हतं.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जळाऊ लाकडांची मोळी नेहमी भिंतीला टेकलेली असे. आज ती जरा सरकलेली दिसली. मागे बुटकं दार. दार कसलं, कमरेइतकी फळी. मी फळी ढकलली, वाकून आत गेलो, आणि मंडळींच्या पोटात जाऊन पोहोचलो.

हिरवा अंधार. ओल्या मातीचा वास. चारी बाजूंनी पानं माझ्या गालाला लागत होती. खरं सांगतो, माझ्या मानेवर काटा आला. पायाला काहीतरी लागलं. चाचपून पाहिलं तर लाकडी पाट, बसून बसून गुळगुळीत झालेला. पाटापाशी केसांचा एक आकडा. आणि भिंतीवर, बसल्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर, कुंकवाचं बोट पुसल्याच्या रेघा. एकावर एक, कितीतरी.

समोर कप. वाफ निघत असलेला, काठोकाठ भरलेला.

पानांच्या फटीतून मला बाहेरचं दिसत होतं. भगत कुंचा हलवत होता. काकू कोपऱ्याकडे बघत नव्हत्या. ओटीतल्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवून बसल्या होत्या. आणि काका सरळ पानांकडे बघत होते. माझ्याकडेच.

आयुष्यात मी एकदाच भूत झालो. कप उचलला आणि चांगला दणदणीत आवाज काढून प्यालो. सुर्रर्र! जीभ भाजली, आल्याने डोळ्यांत पाणी आलं, तरी तळापर्यंत. आणि शेवटी, माझ्यातला नट गप्प बसेना म्हणून, अळूचं देठ धरून जोरात हलवलं.

बाहेर बाक उलटलं. दौलत पावसात उभा राहून मारुतीचं नाव घेत होता. भगत मात्र हलला नाही. त्याने काकांनी बाहेर काढलेला रिकामा कप पाहिला, काकांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग नाक पुसून म्हणाला, "हे बाहेरचं नाही. घरचंच हाय. घरच्याले काढता येत नाही." आणि अजून एक प्लेट भजी मागितली.

पाऊस ओसरला तशी मंडळी पांगली, म्हणजे माणसं. काकू आत चुलीकडे गेल्या. मी कप धूत होतो. काका शेजारी येऊन अळूचं पान पुसू लागले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आलं जास्त झालं का?"

"झालं. जीभ गेली माझी."

"पावसात गुडघे दुखतात तिचे," काका म्हणाले. "तसंच लागते."

मग त्यांनी दुसरं आधण ठेवलं. नुसतं दूध. आलं पुन्हा तेवढंच. मोडलेलं देठ सुतळीने बांधलं, दोन डबे जवळ सरकवले, फट राहिली नाही ना ते वाकून पाहिलं. कप आत ठेवला.

"सोनबाजी," या वेळी हाक चांगली खणखणीत होती, "चहा ठेवला!"

आणि आम्ही दोघंही कोपऱ्याकडे पाठ करून बसलो.