जीवरामभाऊंचा मंगळवारचा ताप

नळाचा वॉशर बदलून झाला, पंखे पुसून झाले, देव्हाऱ्यातले देव चिंचेने घासून झाले, तरी घड्याळ काही केल्या पुढे सरकेना. तेव्हा तोताराम स्वयंपाकघरात गेले आणि लताबाईंच्या मागे जाऊन उभे राहिले. निवृत्त झाल्यापासून ते रोज तिथेच उभे राहत.

"वांगी एवढी बारीक चिरतात का?"

"बटाटे आहेत ते," लताबाई म्हणाल्या.

तोतारामांनी चष्मा वर-खाली केला. बटाटेच होते. मग त्यांनी गॅस थोडा बारीक केला, लताबाईंनी तो पुन्हा मोठा केला, आणि दोघेही एकमेकांकडे बघून गोड हसले. धुळ्यातल्या देवपुरातली सारी कॉलनी या जोडप्याला लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हणत होती. आता असं नाव पडल्यावर हसण्यावाचून गत्यंतर असतं का?

हे नाव पडलं तेही तोतारामांच्याच तोंडामुळे. धुळ्याच्या पाटबंधारे खात्यात सारा जन्म काढून हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, माइक हातात आला आणि माणूस वाहवला. "आजवर धरणांना वेळ दिला," ते म्हणाले, "आता उरलेला सगळा वेळ लताबाईंचा." काय टाळ्या पडल्या. बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे रोखून पाहिलं. पहिल्या रांगेत बसलेल्या लताबाईंच्या डोळ्यांना पदर लागला. तोतारामांनी ते पाहिलं आणि त्यांचाही ऊर भरून आला.

ऊर भरून येणं एका दिवसाचं असतं, दिलेला शब्द मात्र रोज पाळावा लागतो. तोतारामांनी तो इमानेइतबारे पाळला. मंडईत दोघं, देवळात दोघं, बँकेत दोघं. दुपारी लताबाईंच्या मालिका लागल्या की शेजारी तोताराम, आणि ही सून त्या सासूची कोण, असे त्यांचे प्रश्न. पुण्याहून मुलाचा, हितेंद्रचा फोन आला की तो म्हणायचा, "बाबा, तुमचं बघून बरं वाटतं." फोन ठेवल्यावर तोताराम खिडकीतून रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीकडे बघत बसायचे. खरं सांगायचं तर त्यांचा जीव घुसमटत होता. पण हे बोलायचं कुणाकडे? जिला आपण एवढा शब्द दिला, तिला 'तुझ्याजवळ बसून कंटाळा आला' असं कोणत्या तोंडाने सांगणार?

त्यातून हिवाळा आला. नरडाण्याला त्यांचा जुना सोबती जीवराम राहायचा. एकाच खात्यात, एकाच खोलीत दोघांनी नोकरी केली होती. जीवराम आधी निवृत्त होऊन शेतावर राहायला गेला होता आणि कोवळ्या वांग्यांचं आमंत्रण द्यायला त्याचा रोज अहिराणीतून फोन. "वांगा कवळा शेतस. भरीत खावाले ये." कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेलं वांगं, ठेचलेली हिरवी मिरची, पातीचा कांदा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि वर पत्त्यांचा डाव. तोतारामांना फोनमधूनच धुराचा वास यायचा.

शेवटी एका मंगळवारी सकाळी ते चहा पिता पिता म्हणाले, "जीवरामला बरं नाही म्हणे."

"अगं बाई. काय झालं?"

"ताप आहे. भेटून येतो म्हणतो."

"मी पण येते ना."

"नको नको. साथीचा असेल. उगाच तुला लागायचा."

लताबाईंनी आपली कपबशी उचलली. मग म्हणाल्या, "जा मग. आणि सावकाश या, घाई करू नका."

हा 'सावकाश' तोतारामांनी नीट ऐकायला हवा होता. पण माणूस खोटं बोलत असताना त्याला स्वतःच्याच छातीची धडधड ऐकू येते, दुसऱ्याचं बोलणं कुठलं ऐकू येतंय.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. आता सोनगीरच्या किल्ल्याकडे बघत जावं, कुणाशी बोलू नये, असा बेत होता. इतक्यात शेजारी बन्सीलाल येऊन टेकले. हेही पाटबंधाऱ्यातलेच निवृत्त, आणि 'निवृत्त मित्र मंडळ' या व्हॉट्सॲप ग्रुपचे चालक, मालक, सर्व काही.

"आज एकटे? वहिनी नाहीत?" बन्सीलालनी इकडेतिकडे पाहिलं.

"जीवरामला बरं नाही. ताप आहे. भेटायला चाललोय." आणि इथेच न थांबता तोतारामांनी वर घातलं, "पण कुणाला सांगू नका."

झालं. खान्देशात आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैरच. बारशाला चुकाल तर चालेल, आजारपणाला चुकून चालत नाही. त्यात 'कुणाला सांगू नका' म्हटलं, म्हणजे साधा ताप नक्कीच नव्हे. बन्सीलाल सोनगीरला पितळी घागर घ्यायला उतरले खरे, पण घागर राहिली बाजूला आणि हातात आला मोबाइल. बस नरडाण्याला पोहोचायच्या आत मंडळाला कळलं होतं, की जीवरामभाऊंची तब्येत गंभीर असून घरचे लपवीत आहेत.

जीवराम शेतातल्या घरापुढे उकिडवा बसून वांगी भाजत होता. हात काळे, नाक काळं, घाम पुसून पुसून कपाळही काळं. तोतारामांना बघून त्याने हातातली काडीच उंच केली.

"उना का शेवट. वहिनींनी कसं सोडं तुले?"

तोताराम बाजेवर बसले, पाय लांब केले आणि त्यांनी असा श्वास सोडला की शेपटी हलवत आलेला कुत्राही थबकला. कुणी काही विचारत नव्हतं. कुणाला काही सांगायचं नव्हतं. चांगलं ऊन होतं. आपण कुठून आलो याचाच त्यांना विसर पडला. पहिल्या वांग्याचं भरीत ठेचून चव बघण्यापुरतं तोंडात पडतंय तोच जीवरामच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा फोन वाजला. मग दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्या फोननंतर त्या बाहेर आल्या.

"भाऊ, धुळ्याहून फोन येताहेत. यांना कोणत्या दवाखान्यात ठेवलंय विचारताहेत."

जीवरामने नवऱ्या मुलासारखं लाजत विचारलं, "तोता, मी आजारी शे का रे?"

तोतारामांनी हातातलं भरीत खाली ठेवलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. निरोपाचं भाषण, लक्ष्मीनारायणाचा जोडा, सकाळचा ताप, बसमधले बन्सीलाल. सांगता सांगता त्यांना भरून आलं. "जीवराम, लताला कळलं तर फार मनाला लावून घेईल रे. तिला सोडून जायला मी कारणं शोधतो असं वाटेल तिला. आजच्या दिवस आजारी पड."

"भरीत व्हऊ दे," जीवराम म्हणाला, "मंग पडसू."

पण भरीत होईपर्यंत कुणी थांबलं नाही. रस्त्यावर जीप वळलेली दिसली आणि तोताराम आणि वच्छलाबाईंनी मिळून जीवरामला बाजेवर आडवं केलं, गळ्यापर्यंत गोधडी ओढली. जीपमधून बन्सीलाल उतरले, मागून मंडळाची माणसं उतरली, आणि प्रत्येकाच्या हातात केळी. मंडळी धुळ्याहून निघून, वाटेत सोनगीरला बन्सीलालना घेऊन आली होती.

"अरेरे," बन्सीलाल बाजेजवळ येऊन म्हणाले, "चेहरा किती काळा पडलाय."

"कालपासून पडलाय," तोताराम म्हणाले. चेहरा पुसायचा राहून गेला होता.

"आणि हा धूर कशाचा?"

"दिष्ट काढली त्यांची," वच्छलाबाई पटकन म्हणाल्या.

बन्सीलालनी जाळाकडे पाहिलं. जाळात आणि जाळाबाहेर मिळून टोपलीभर वांगी होती. "दृष्ट काढायला एवढी वांगी?"

"मोठी दिष्ट होती, भाऊ."

आता दारात आलेल्या माणसांना उपाशी पाठवायची रीत नाही. वांगी भाजलेली होतीच. वच्छलाबाईंनी भाकरी थापायला घेतल्या, तोतारामांनी भरीत ठेचलं, आणि मंडळ मांडी घालून बसलं. आजाऱ्याला मात्र वाटीभर तांदळाची पेज मिळाली.

"थोडंसं भरीत," जीवराम गोधडीतून पुटपुटला.

"अजिबात नाही," बन्सीलाल तोंडात घास असताना म्हणाले. "वांगं वातूळ असतं. पेज प्या. तोतारामभाऊ, मिरची मस्त लागलीय."

जीवरामने तोतारामांकडे असं पाहिलं, की तोतारामांनी मान खाली घालून आणखी एक वांगं सोललं.

त्याच वेळी फाटकाशी रिक्षा थांबली आणि लताबाई उतरल्या. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात पिशवी. तोतारामांनी हातातलं वांगं पाठीमागे लपवलं. लताबाई कुणाशी न बोलता थेट बाजेजवळ गेल्या आणि त्यांनी जीवरामच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ माठासारखं गार होतं. त्यांनी हात उचलला, तळव्याला लागलेली काजळी पाहिली. मग जाळाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. नवऱ्याच्या मिशीत वांग्याचं जळकं साल अडकलेलं होतं.

"ताप उतरलाय," लताबाई मोठ्याने म्हणाल्या. "पण यांना विश्रांती हवीय. भाऊ, तुम्ही सगळे आलात फार बरं झालं. आता निघा."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की बन्सीलालनी तिसरी भाकरी अर्धी सोडली. जीप धूळ उडवत गेली. जीवराम गोधडी फेकून उठला आणि भरिताचं भांडं घेऊन तो आणि वच्छलाबाई शहाण्यासारखे घरात गेले.

अंगणात दोघंच उरले. तोतारामांनी मिशी पुसली. "लता, माझं चुकलं. त्याला ताप नव्हता."

"दिसलं मला."

"मला एक दिवस यायचं होतं इकडे. पण तुला सांगायचा धीर झाला नाही. सगळ्यांपुढे शब्द दिला होता मी. तुझे डोळे भरून आले होते तेव्हा."

"आले होते," लताबाई बाजेवर बसत म्हणाल्या. "माझी दुपार आठवली मला."

"कोणती दुपार?"

"माझी. तुम्ही ऑफिसला गेलात की घर माझं असायचं. जेवणं आटोपली की पाय पसरून बसायचं. शेजारची बेबाबाई यायची. हव्या त्या गप्पा, हव्या तेवढ्या जोरात रेडिओ. तुम्ही ते भाषण केलंत आणि माझी दुपार गेली. रडू नको तर काय करू? आणि तुम्ही एवढ्या प्रेमाने मागेमागे करता, तर तुम्हाला बाहेर जा कसं म्हणायचं?"

तोताराम होते तिथेच खाली बसले. "म्हणजे तुलासुद्धा?"

"आज सकाळी तुम्ही गेलात ना, मी दाराला कडी घातली आणि नुसती बसले. इतकं बरं वाटलं काय सांगू. दुपारी बेबाबाईला बोलावलं होतं, दोघींपुरते मांडे करणार होते. पुरण वाटून ठेवलंय तसंच. तेवढ्यात या बन्सीलालभाऊंचा फोन, की जीवरामभाऊ जातात की राहतात." लताबाईंचा आवाज इतका वेळ शांत होता, तो आता चढला. "घाबरत घाबरत आले मी. तुमची बीपीची गोळीही घरी राहिली होती. अहो, खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं माणसाने. माझ्या दुपारचा पार विचका केलात."

तोताराम बघतच राहिले. नवरा खोटं बोलला याचा राग नव्हता, खोटं टिकलं नाही याचा होता. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना हलकं वाटलं. पण धोंड्याच्या जागी एक बारीकसा खडाही टोचला, आणि तो त्यांनी विचारूनच टाकला.

"म्हणजे मी घरात नकोच का तुला?"

लताबाईंनी पिशवीतून गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली, थर्मासमधलं सूप झाकणात ओतलं. "संध्याकाळी तुम्ही ऑफिसातून यायचात. चपलांचा आवाज आला की मी आधण ठेवायची. मला ते फार आवडायचं. आता तुम्ही येतच नाही."

"घरीच तर असतो."

"तेच म्हणते मी. जो गेलाच नाही तो परत कसा येणार?"

तोतारामांनी गोळी गिळली. वर झाकणातलं सूप शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. मग लताबाईंनी घराकडे पाहून हाक मारली, "वच्छलाबाई, भरीत राहिलंय का? मला कळण्याची भाकरी हवी," आणि घरातून जीवरामचा भरल्या तोंडाचा आवाज आला, "थोडंसं शे, वहिनी. लवकर या."

त्या दिवसापासून जीवरामला दर मंगळवारी ताप येऊ लागला. सोमवारी संध्याकाळी लताबाई स्वतःच विचारायच्या, "उद्या जीवरामभाऊंना बरं नसेल ना?" आणि तोताराम गंभीरपणे म्हणायचे, "बरं नसेलसं दिसतंय." इतर दिवशी ते सकाळचं आटोपून वाचनालयात जाऊ लागले. पाचला चपला वाजवत परतायचे. आधण ठेवलेलं असायचं, आणि दोघांना एकमेकांना सांगायला काहीतरी असायचं. कॉलनी म्हणाली, जोड्याला कुणाची तरी नजर लागली. लागो बापडी.

आणि मग एका मंगळवारी तोताराम नरडाण्याला पोहोचले तर जाळ नाही, वांगी नाहीत. जीवराम गोधडी घेऊन खरोखरच पडलेला. नाक गळतंय, अंग कोमट. वच्छलाबाई म्हणाल्या, सर्दीचा ताप आहे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, काळजी नाही.

तोताराम थोडा वेळ बसले. मग त्यांनी घरी फोन लावला. मागे रेडिओ मोठ्याने चालू होता आणि बेबाबाईंचं हसणं ऐकू येत होतं.

"लता, जीवराम खरंच आजारी आहे गं. मी लगेच निघतो परत."

पलीकडे रेडिओ एकदम बारीक झाला.

"खरा ताप?" लताबाईंनी विचारलं.

"खरा. बारीक आहे, पण आहे."

"मग असं कसं निघता? आजारी माणसाला टाकून येतात का कुणी? पाचपर्यंत तरी बसा त्यांच्याजवळ."

फोन ठेवल्यावर तोतारामांनी चपला काढल्या, बाजेच्या पायथ्याशी पाय वर घेऊन ऐसपैस बसले आणि हसू लागले. गोधडीतून जीवरामचं लाल झालेलं नाक बाहेर आलं.

"वहिनी काय बोलन्यात?"

"थांबा म्हणाली."

"मंग नुसता हासस काय," जीवराम उशीखालून पत्ते काढून पुढे करत म्हणाला. "वाट."