तिळाएवढ्या भुंगेऱ्याचं बारसं

आमच्या वांग्याच्या वाफ्यात एखादा माणूस तोंडात रबरी नळी धरून पालथा पडलेला दिसला, तरी पोलिसांना फोन करायचा नाही. ते केतकरकाका असतात. नळीच्या दुसऱ्या टोकाला काचेची बाटली. पानावर भुंगेरा दिसला की काका श्वास ओढतात आणि भुंगेरा बाटलीत.

काका निवृत्त केमिकल इंजिनिअर, इथे अमेरिकेत वेस्ट विंडसरमधले आमचे शेजारी. हे तिळाएवढे भुंगेरे पिसवांसारख्या उड्या मारतात आणि पानांची चाळण करतात. मी फवारणीचा पंप काढला की काका कळवळतात.

"थांब गं, पाहुणे आहेत!"

"काका, पाहुणे माझी वांगी जेवतायत."

"अगं, मागचे पाय तरी बघ. मांड्या आहेत मांड्या!"

मग मीही पंप खाली ठेवून बघत बसते. उतरत्या उन्हात एकेक ठिपका पानावरून नाहीसा होतो. गेला कुठे, कळत नाही. आत गॅसवर वरण उतू जातं.

२००५च्या सुमारास, काकांनी दापोलीहून आणलेला एक भुंगेरा शास्त्राला ठाऊक नसलेल्या, अगदी नव्या जातीचा निघाला. नाव ठेवायचा मान काकांचा. फक्त स्वतःचं ठेवण्याची रीत नाही. महाराष्ट्र मंडळात चर्चा पेटली.

"शिवाजी महाराजांचं द्या."

"महाराजांचं नाव किड्याला? काहीतरीच काय!"



काकांचा शोधनिबंध छापून आल्यावर मी पेढे घेऊन गेले. "काय ठेवलंत मग?"

"यमुना."

"नदीवरून?"

काका मायक्रोस्कोप पुसायला लागले. दारातून काकूंनीच उत्तर दिलं. "मी. लग्नाआधीची."

मी चाट पडले. काकूंना मी सुनीताकाकू म्हणूनच ओळखत होते.

"यांनीच ताटातल्या तांदळात अंगठीनं सुनीता लिहिलं. माझी आई गेल्यावर यमुना म्हणणारं कोणी उरलंच नाही."

"तेव्हा तुला विचारायला हवं होतं," काका मायक्रोस्कोपकडे बघत म्हणाले. "सुचलंच नाही. शास्त्रातलं हे नाव मात्र आता कोणालाच बदलता येणार नाही. मलासुद्धा."

"दिलंत ते किड्याला!" काकू फणकारल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी भुंगेरा बघायला मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"मला वाटलं काळी असेल," त्या हळूच म्हणाल्या. "निळी आहे हो."