भिंगोजींचा आरामाचा आठवडा

"पाय खाली घ्या," बायको म्हणाली.

भिंगोजींनी टेबलावरचे पाय खाली घेतले. पण खाली आल्या आल्या उजवा पाय फरशीवर ठेका धरू लागला.

"ठेका बंद."

ठेका बंद झाला. मग गुडघा हलू लागला आणि कपातला चहा हळूहळू बशीत यायला लागला.

"अहो, तुम्हाला आराम सांगितलाय ना?"

"आरामच करतोय!" भिंगोजी कळवळून म्हणाले. "दिसत नाही का?"

भिंगोजी हे त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणजे धंदा भिंगांचा, आणि पायाला कायमची भिंगरी. तेव्हा धावण्याच्या क्लबातल्या मंडळींनी त्यांचं हे बारसं केलं आणि पुढे गिऱ्हाइकंही त्याच नावाने हाक मारू लागली. माणूस सरळमार्गी, कामात चोख, पण स्वस्थ बसणं हा प्रकार त्यांना जन्मात जमला नव्हता.

या मोसमात त्यांनी एकही शर्यत सोडली नव्हती. आधी रस्त्यावरच्या झाल्या, मग क्रॉस कंट्री सुरू झाल्या, म्हणजे शेतं, चढ, चिखल आणि मध्येच आडवा येणारा एखादा ओढा. आणि प्रत्येक शर्यतीत भिंगोजी क्लबातून सातवे आले. अंगात ताप होता तेव्हा सातवे, आणि आयुष्यात कधी नव्हे इतके जोरात पळाले तेव्हाही सातवेच. कारण त्या दिवशी बाकीचे सहाही जण जोरात पळाले. आता क्रॉस कंट्रीचा नियम असा की क्लबातल्या पहिल्या सहा जणांचेच क्रमांक मोजायचे. सातव्याला चिखल तेवढाच, दमही तेवढाच, पण बेरजेत तो नाही. बायकोने एकदा विचारलं होतं, "मग तुम्ही जाता कशाला?" तो प्रश्न भिंगोजींना फार लागला होता.

मोसमाची शेवटची शर्यत उरली होती आणि क्लब खालच्या गटात ढकलला जाण्याच्या बेताला आला होता. अशात क्लबातल्या पोस्टमनचा पाय मुरगळला. डोंगर उतरताना नव्हे, स्वतःच्या बाथरूममध्ये. बातमी कळताच क्लबचे कॅप्टन थेट दुकानात आले. कॅप्टन म्हणजे दातांचे डॉक्टर, स्वतःही पहिल्या सहांतले. त्यांच्यापुढे बसलेल्या माणसाचं तोंड नेहमी उघडं आणि कापसाने भरलेलं असायचं, त्यामुळे समोरच्याचं उत्तर ऐकून घ्यायची सवयच त्यांना राहिली नव्हती.

"भिंगोजी, आता तू सहावा! तू मोजला जाणार. तयारी झालीय तुझी, आता आठवडाभर पूर्ण आराम. पाय हलवायचा नाही. जरा जरी पळताना दिसलास, तर मी मोडक्या पायाच्या पोस्टमनला घेईन."

"पण डॉक्टर, थोडं हलकं हलकं..."

"ठरलं तर मग," डॉक्टर म्हणाले आणि गेले.

त्या आठवड्याने घरादाराच्या नाकी नऊ आणले. पळायचं नाही म्हटल्यावर भिंगोजींनी पडदे काढले, धुतले आणि उलटे लावले. न करकरणाऱ्या दारांना तेल पाजलं. त्यांचा डावा घोटा दुखू लागला, तो बरा होतोय तोवर उजवा दुखू लागला, आणि बायकोने "दोन्ही एकदम दाखवा पाहू" म्हटल्यावर दोन्ही थांबले. दुकानात कोणी शिंकलं तर सर्दी लागायच्या भीतीने ते भिंतीला पाठ लावून उभे राहत आणि तिथूनच "खालची ओळ वाचा" म्हणून ओरडत. डॉक्टर रोज बायकोला फोन करून विचारत, "पडून आहे ना?" आणि बायको म्हणे, "हो, पण पलंग हलतोय."

शनिवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काही केलं नाही तर वेड लागेल, असं भिंगोजींना वाटलं. म्हणून त्यांनी तयार चष्म्यांचा खण बाहेर ओढला, सगळे चष्मे डब्यांतून काढले, पुसून पुसून लखलखीत केले आणि परत डब्यांत घातले. त्यात दोन चष्मे सारख्याच काळ्या फ्रेमचे होते. एक डॉक्टरांचा. त्यांचा जुना चष्मा एका घाबरलेल्या पेशंटच्या हाताच्या फटक्याने फुटला होता. दुसरा बायकोच्या मावशींचा, वाचायचा.

संध्याकाळी दोघंही येऊन आपापला डबा घेऊन गेले. डॉक्टरांनी चष्मा लावला आणि डोळे बारीक केले.

"जरा धूसर वाटतंय."

"नवीन आहे ना," भिंगोजी सवयीने म्हणाले. हे वाक्य ते रोज बोलत. "दोन-चार दिवसांत बसेल डोळ्याला."

डॉक्टरांनी मान डोलावली. बाहेर पडताना ते दाराऐवजी शेजारच्या काचेकडे वळले होते, पण तेव्हा भिंगोजींचं लक्ष नव्हतं. कारण जाता जाता डॉक्टर म्हणाले होते, "आणि हो, पोस्टमनचा पाय बरा झालाय. उद्या पळतोय तो. तूही ये, आलास तर बरंच!"

भिंगोजी पुन्हा सातवे झाले. आठवडाभर जीव कोंडून घेतला तो कशासाठी, हे त्यांना कळेना. त्यांना रडू यायचंच बाकी राहिलं.

रविवारी सकाळी ते बूट घालत होते, तोच मावशी दारात हजर.

"अरे, कसला भारी चष्मा केलास रे! जवळचं काही म्हणजे काही दिसत नाही. पण समोरच्या बिल्डिंगीत कोण काय करतंय, सगळं दिसतं! तिसऱ्या मजल्यावरचा तो रोज पहाटे व्यायाम करतो म्हणून सांगत फिरतो ना? झोपलेला असतो!"

भिंगोजींच्या हातातला बूट गळून पडला.

"मावशी, तो चष्मा द्या."

"मुळीच नाही."

"मावशी, तो दुसऱ्याचा आहे हो! त्याला आज शर्यतीत पळायचंय!"

"मग पळू दे की. पळायला चष्मा कशाला?"

शेवटी बायकोने मावशींना बोलण्यात गुंतवून तो नाकावरूनच उचलला. या भानगडीत इतका उशीर झाला की दोघं मैदानावर पोचले तेव्हा धावपटू रेषेवर उभे होते. डॉक्टर सगळ्यांत पुढे, मावशींचा चष्मा लावून, एका झाडाकडे बघून हात हलवत होते. भिंगोजी डॉक्टरांच्या चष्म्याचा डबा मुठीत धरून मागच्या रांगेत घुसले आणि बार उडाला.

आता प्रकरण असं होतं. तळ्यापाशी वाट फुटायची. पिवळे झेंडे डावीकडे लहान मुलांच्या शर्यतीला, निळे उजवीकडे मोठ्यांना. चुकीच्या वाटेने गेलेला माणूस बाद. मावशींच्या चष्म्यातून डॉक्टरांना झेंड्याचा रंग सोडा, झेंडाही दिसणार नव्हता. डॉक्टर बाद झाले, तर सहावा कोण?

भिंगोजींना काहीच करायचं नव्हतं. चुगली नाही, लबाडी नाही. फक्त आपल्या जागी पळत राहायचं, काही न करता, आणि ते मोजले जाणार होते. पण काही न करणं हीच तर अडचण होती. आठवडाभर त्यांना तेवढंच सांगितलं होतं आणि आठवडाभर तेवढंच जमलं नव्हतं. पहिला चढ संपायच्या आत त्यांचा जीव असा काही तळमळायला लागला की पाय आपोआप सुटले.

चढावर पोस्टमन भेटला.

"भिंगोजी? तू इथे कसा? तुझी जागा मागे!"

"चष्मा!" भिंगोजी धापा टाकत म्हणाले आणि पुढे गेले. भिंगोजींच्या डोक्यावर परिणाम झाला, असं पोस्टमनला वाटलं.

ओढ्यात सगळ्यांच्या अंगावर इतका चिखल उडाला की कोण कुठल्या क्लबचा ते आईलाही ओळखता आलं नसतं. पलीकडे डॉक्टरांची पाठ दिसली.

"डॉक्टर! थांबा! डॉक्टर!"

डॉक्टरांनी मागे पाहिलं. त्यांना एक तपकिरी ढग अंगावर येताना दिसला. शर्यतीत 'थांबा' म्हणणारा माणूस प्रतिस्पर्धीच असणार, हे कळायला चष्मा लागत नाही. डॉक्टरांनी वेग वाढवला. भिंगोजींनीही वाढवला. ते जितके ओरडत, तितके डॉक्टर चेकाळत. दोघं मिळून बाकीच्या क्लबांची माणसं मागे टाकत सुटले. ज्यांनी भिंगोजींना मोसमभर फक्त स्टार्टला पाहिलं होतं, ते तोंडात बोट घालून बघत राहिले.

तळं जवळ आलं. डॉक्टर बेधडक पिवळ्या झेंड्यांच्या रोखाने निघाले होते. हाका मारून उपयोग नव्हता. आता एकच मार्ग होता. भिंगोजींनी डोळे मिटले, दातओठ खाल्ले आणि जन्मात कधी पळाले नव्हते तसे पळून डॉक्टरांच्या पुढे गेले. त्यांनी डॉक्टरांच्या नाकासमोरून उजवीकडे वळण घेतलं. कोणी आपल्यापुढे गेलेलं डॉक्टरांना खपत नसे. तेही चवताळून उजवीकडे वळले. शेवटपर्यंत भिंगोजी पुढे आणि डॉक्टर त्यांच्या टाचेला. तशीच दोघांनी रेषा ओलांडली आणि दोघंही गवतावर आडवे झाले.

उठल्यावर डॉक्टर लंगडत क्लबच्या मंडळींपाशी आले. मंडळींनी मांडलेली बेरीज ऐकून चेहरा फुललेला.

"वाचलो आपण! खालच्या गटात जात नाही आता! पण तो माझ्या मागे लागलेला कोण होता रे? काय पळतो! वाटभर शिव्या घालत होता मला. असा एक माणूस आपल्या क्लबात हवा. शोधा त्याला, विचारा, हवं ते कबूल करा!"

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. बायको तोंडाला पदर लावून बाजूला झाली. भिंगोजी चिखलातून म्हणाले, "डॉक्टर, मीच होतो तो."

"तू जरा गप्प बस. मी महत्त्वाचं बोलतोय."

तेवढ्यात एका मोटारीच्या काचेवर निकाल लावला गेला. डॉक्टर कागदाला नाक लावून एकेक ओळ वाचत चालले. एका ओळीवर बोट थांबलं. ते नाव मोजलेल्या सहांत, त्यांच्या स्वतःच्या नावाच्या बरोबर वर होतं. त्यांनी पुन्हा वाचलं. मग ते सावकाश वळले आणि अंदाजाने भिंगोजींच्या दिशेला पाहिलं. गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच ते कोणाच्या तरी उत्तराची वाट बघत होते.

"मीच," भिंगोजी म्हणाले. "शिव्या नव्हतो घालत, थांबा म्हणत होतो. चष्म्यांची अदलाबदल झाली, डॉक्टर. चूक माझी आहे. तुम्ही लावलाय तो आमच्या मावशींचा, वाचायचा. हा तुमचा."

डॉक्टरांनी चष्मा बदलला. मैदान, झाडं, माणसं सगळं एकदम जागेवर आलं. समोर डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेले, एका पायावरून दुसऱ्या पायावर होणारे भिंगोजी उभे होते. डॉक्टरांनी त्यांना बराच वेळ नीट पाहून घेतलं. मग तो चष्मा काढला, डब्यात घालून भिंगोजींच्या हातात ठेवला आणि मावशींचा परत नाकावर चढवला.

"मावशींना दुसरा करून दे. पुढच्या मोसमात शर्यतीला मी हाच लावणार."

"अहो, पण ह्यातून तुम्हाला काही दिसणार नाही!"

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले. "मागे तू आहेस हे दिसलं असतं, तर मी आज चालत आलो असतो, माणसा."

एवढं बोलून त्यांनी भिंगोजींच्या पाठीवर थाप मारली, म्हणजे मारायला गेले, ती पोस्टमनच्या पाठीत बसली. मग ते ऐटीत क्लबच्या बसकडे निघाले. ती बस भलत्याच क्लबची होती आणि तिने इंजिन सुरू केलं होतं. भिंगोजींनी एकदा बायकोकडे पाहिलं, डबा मुठीत घट्ट धरला आणि "डॉक्टर, थांबा!" म्हणत पुन्हा पळत सुटले.