तिसरा आग्रह

पाहुण्याला ‘जेवून जा’ म्हणणे हा यजमानाचा धर्म आहे आणि न जेवता जाणे हा पाहुण्याचा. दोघांनी आपापला धर्म पाळला की दोन्ही घरांत शांतता नांदते.

आमच्या तळोद्यात याची रीत ठरलेली आहे. यजमानाने दोनदा आग्रह करायचा, पाहुण्याने दोनदा नाही म्हणायचे. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर तो खरा समजावा आणि पाहुण्याने मुकाट्याने हात धुवावेत. तेव्हा नाही म्हणणे म्हणजे अन्नाचा अपमान. (तिसऱ्यांदा कोणी म्हणत नाही. गाव शहाणे आहे.)

सन चौतीस साली आमचे शेजारी चुडामण पाटील यांनी मोलगीच्या बाजारातून एक राघू आणला आणि ओसरीत टांगला. ओसरीत दिवसभर जे कानावर पडे, ते तो शिकला. आता चुडामणने दोनदा म्हणावे, पाहुण्याने दोनदा नाही म्हणून जोडे शोधावेत, तोच वरून यावे, “जेवी जा ना भाऊ.” पाहुणा बसे. घरातला पोपट म्हणजे घरातलाच माणूस, याबद्दल गावात दुमत नव्हते.

आषाढ ते कार्तिक एकशे अठ्ठावीस पाहुणे जेवले. (मोजदाद माझी. त्यांत सतरा वेळा मीच होतो.) चुडामणचे नाव शहाद्यापर्यंत झाले. पिंजरा आत नेण्याची सोय उरली नाही, कारण पाहुणे आधी पिंजऱ्याला रामराम करीत आणि मग चुडामणला.

कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या त्याच्या बायकोचे, दगूबाईचे, नाव मात्र कुठेच झाले नाही. तिचे मनगट सुजले. एके दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, “या घरमा तुमना राघू ऱ्हाई, नही ते मी.”

चुडामणने दोन दिवस विचार केला. (हे दगूबाई अजून विसरलेली नाही.) मग त्याने राघू मला देऊ केला. मी रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटले आणि तिसऱ्यांदा त्याने विचारलेच नाही. राघू लोणखेड्याला त्याच्या बहिणीकडे गेला. रिकामा पिंजरा फडके टाकून ओसरीतच राहिला.

आठवड्याने शहाद्याचे बन्सीलाल पाटील दहा माणसे घेऊन चुडामणची मुलगी सुंदर हिला पाहायला आले. सुंदरची दोन स्थळे आधीच मोडली होती आणि तिसरे मोडले तर काय, हे घरात कोणी बोलत नव्हते. मुलगी पसंत पडली. चुडामणने दोनदा आग्रह केला, बन्सीलालांनी दोनदा नाही म्हटले. आत अकरा पानांचा स्वयंपाक निवत होता, पण नियम तो नियम. मुलीच्या बापाने तिसऱ्यांदा म्हटले तर मुलीत काही खोट आहे असे समजतात. भाऊ म्हणेल म्हणावे तर चुडामणला भाऊ नाही. बाईमाणसाने व्याह्यांशी बोलायचे नाही. आणि न जेवता उठलेला व्याही परत येत नाही.

बन्सीलालांनी एक जोडा पायात घातला. मला खरोखर वाईट वाटले. सुंदर गुणी पोर होती.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला, बारीक, चिरका, “जेवी जा ना भाऊ.”

बन्सीलालांनी फडक्याकडे पाहिले आणि जोडा काढला. “आते राघूच म्हनी ऱ्हायना, ते बसनं पडी,” ते म्हणाले.

लग्न झाले. सुंदर सुखात आहे. बन्सीलालांनी राघूची कीर्ती इतकी पसरवली की आता त्याला बंद पाडणे म्हणजे मुलीच्या सासरी तोंड दाखवायला जागा न ठेवणे. म्हणून दगूबाई भाकरी थापते, पाहुण्याचे दोन नकार मोजते, दाराआड येऊन तिसरा आग्रह करते आणि पुन्हा भाकरी थापायला जाते. राघू ही कामे एकाच वेळी करू शकला नसता. पाहुणे तिच्या हातची मिरची फडक्याखालून पिंजऱ्यात सरकवून तृप्तीने निघून जातात. आत जाऊन तिला आजवर कोणी काही म्हटलेले नाही. मीही नाही, आणि माझा आकडा आता साठाच्या पुढे आहे.

तुम्ही कधी तळोद्याला आलात, तर आमच्याकडे जेवून जा. खरेच सांगतो, जेवूनच जा.

(आमच्याकडे पोपट नाही.)