घुशीच्या जखमेवर फुंकर

मुलांनो, नीट बसा आणि खिदळू नका. आजचं जंगल नकाशात सापडायचं नाही. ते दिगंबरराव खांबेटे नावाच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या आत होतं. तिथल्या रखवालदारांना डॉक्टर लोक पांढऱ्या पेशी म्हणतात. आपण त्यांना प्राणी म्हणू. प्राण्यांनी राग मानू नये.

त्या जंगलात एक तळं होतं आणि तळ्याच्या तोंडाशी अक्रोडाएवढी टेकडी. तिचं नाव प्रोस्टेट. टेकडीवर रखमाजी मुंगूस पहारा करायचा. जंगलाचा रिवाज असा, की भेटेल त्याला हुंगायचं. वास परका असला तर नरडं फोडायचं. आपला असला तर रामराम करून सोडून द्यायचं. रिवाज फार जुना होता, त्यामुळे त्यावर विचार करायची कुणालाच गरज वाटत नव्हती.

मग टेकडीवरचीच एक घूस, ठकूताई, वाटेल तशी बिळं खणू लागली. तिला पिल्लं झाली. पिल्लांना पिल्लं झाली. त्यांतलं कुणी मरायचं नाव घेईना. रखमाजीने हुंगून पाहिलं. वास आपलाच होता, पण त्यात काहीतरी कुजकं होतं. त्याने दात विचकले, तशी ठकूताई कळवळली.

"अगं बाई, मारतोय मला मेला! माझा पाय बघा हो कुणीतरी, कसा ठणकतोय!"

हाक ऐकून भाऊसाहेब तरस धावत आले. भाऊसाहेबांकडे दोन कामं होती. मेलेलं-सडलेलं खाऊन जागा साफ करायची आणि जखम दिसेल तिथे मलमपट्टी करायची. पहिल्या कामात तोंड घाण व्हायचं. दुसऱ्यात लोक पाया पडायचे. भाऊसाहेब अलीकडे दुसऱ्याच कामात रमले होते.

"रखमाजी, लाज वाटते का? जखमी बाईवर दात?"

"भाऊसाहेब, ती टेकडी पोखरतेय. जखम तिची तिनंच केलीय."

"कुणी केली ते आपण विचारायचं नसतं. जखम दिसली की भरायची. हो बाजूला!"

त्यांनी बिळांना लेप लावला. बिळं टणक झाली. बाईला अशक्तपणा आलाय म्हणून त्यांनी जंगलातले लाल ओढे फोडून थेट बिळापर्यंत पाट काढून दिले. ठकूताई पिऊन पिऊन फुगली. नवी बिळं खणताना नव्या जखमा झाल्या. भाऊसाहेबांना मान वर करायला फुरसत मिळेना. एवढं समाधान त्यांना जन्मात लाभलं नव्हतं.

इकडे बाहेर दिगंबररावांची धार बारीक झाली होती.

"अहो, डॉक्टरांना एकदा दाखवून या ना," मालिनीबाई म्हणाल्या.

"या वयात व्हायचंच. आणि असल्या गोष्टी काय चारचौघांत बोलायच्या?"

शंका असेल तर हात वर करा, असं या गृहस्थांनी आयुष्यभर मुलांना दरडावून सांगितलं होतं.

रखमाजीचा जीव मात्र तुटत होता. टेकडी त्याच्या हवाली होती. ती गेली की तळं जाणार आणि तळ्यामागोमाग जंगल. त्याने इतर मुंगसांना हाका मारल्या. पण पेशंटला गडबड नको म्हणून भाऊसाहेबांनी सगळ्या वाटांवर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. शेवटी रखमाजीने एकट्यानेच ठकूताईवर झेप घेतली. भाऊसाहेबांनी त्याला वरच्यावर धरलं आणि मोठ्या मायेने गुंगीचा पाला चारला.

"दमलास रे तू. आपलीच आहे ती. जरा शांत हो."

रखमाजीला खरंच दमल्यासारखं वाटलं. दात जागच्या जागी होते, पण जबडा मिटेना. त्याला रडू आलं. त्याच्या डोळ्यांदेखत ठकूताईची पिल्लं पाटात उतरली आणि पाठीच्या कण्याच्या डोंगराकडे निघाली. वाट दाखवायला पुढे भाऊसाहेब होतेच.

"भाऊसाहेब," रखमाजी कसाबसा ओरडला, "तो डोंगर कोसळला तर तुम्ही तरी कुठं राहाल?"

भाऊसाहेब थांबले. जन्मात पहिल्यांदाच विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"कोसळला तर? अरे, केवढी मोठी जखम होईल ती!"

आणि मलमाचं मडकं सावरत ते लगबगीने पुढे झाले.

तात्पर्य: घरचंच कुणी घर पोखरत असेल, तर त्याला मुळीच दुखवू नये. प्रेमाने लेप लावावा, प्यायला पाणी द्यावं आणि ओरडणाऱ्याला गप्प करावं. घर पडेलच. पण आपण स्वभावाने किती चांगले होतो, हे ढिगाऱ्याखालून सगळ्यांना ऐकू जाईल.