तक्रारींच्या खिडकीतला मगदूम

समोरचा माणूस शिव्या द्यायला लागला की मगदूम हातातलं पेन खाली ठेवायचा, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं घालायचा आणि नव्या जावयाकडं बघावं तसा कौतुकानं त्याच्याकडं बघत बसायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात तो तक्रारींच्या खिडकीवर होता आणि मी, साताऱ्याहून आलेला बी.कॉम., शेजारी ऊसतोडीचं रजिस्टर सांभाळत होतो. मगदूमनं मानसशास्त्रात बी.ए. केलेलं. "अरे, मग इथं कशाला आलास? इथं सगळे शहाणे आहेत," आम्ही चिडवायचो. तो म्हणायचा, "तुमाला तसं वाटतंय."

एकदा एक निवृत्त सुभेदार काठी आपटतच आले. "माझा ऊस वाळाय लागलाय! झोपा काढताय व्हय रं?" मी टेबलाखाली शिरायच्या बेतात. मगदूमनं पेन खाली ठेवलं. सुभेदार दमले की तो एवढंच विचारायचा, "अजून काही?" तिसऱ्या 'अजून काही'ला कळलं, मुलगा सरहद्दीवर आहे आणि महिनाभर पत्र नाही. मगदूमनं चहा मागवला. तोडीची तारीख एक दिवससुद्धा अलीकडं आली नाही, तरी सुभेदार जाताना चक्क मलाही रामराम करून गेले! मी थक्क झालो. असली विद्या आमच्या कॉलेजात कुणी शिकवली नव्हती.

जगाला बोलतं करणाऱ्या या माणसाशी सख्खे वडील मात्र सहा वर्षं बोलत नव्हते. तो पदवी घेऊन घरी गेला तेव्हा ते शेवटचं बोलले होते, "ऊस कळंना, आन् मन कळतंय व्हय तुला?" सणाला हा घरी गेला की ते उठून मळ्यात जायचे.

एका सकाळी पटका बांधलेले एक म्हातारे रांगेतून खिडकीशी आले. मगदूमचा चेहरा उतरला. "अण्णा..." तो पुटपुटला.

वडील भिंतीकडं बघत म्हणाले, "सायेब, आमची तोड कवा?"

मी रजिस्टर उघडलं. त्यांचा ऊस आठवड्यापूर्वीच तुटून गाळून झाला होता! मी तोंड उघडणार, तोच मगदूमनं रजिस्टरवर हात ठेवला. मग घड्याळ काढून पालथं घातलं.

अण्णा बोलत राहिले. विहिरीचं पाणी, म्हातारा झालेला बैल, आईचे गुडघे. उसाचं नावही निघालं नाही. शेवटी मगदूमनं विचारलं, "अजून काही?"

अण्णांनी मागच्या रांगेकडं पाहिलं. "हाय की. लय हाय. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा मगदूम कधीचाच आला होता. त्याची खुर्ची खिडकीबाहेर नेऊन ठेवलेली होती आणि आत तो उभा होता.